मागून उचललेली पिकअप व तिची पुढील बाजू समतल करण्याची सुरक्षित रीत

वऱ्हाडांत मालवाहू पिकअप गाडी आतां बंडीइतकीच घरची झाली आहे. वरुड-मोर्शीकडील संत्रीं, अंजनगांवचीं केळीं, अकोट-तेल्हाऱ्याचा कापूस, दर्यापूर-मूर्तिजापूरकडील हरभरा व तूर हा माल शेतांतून उचलून बाजार समितींत किंवा जिनांत नेण्याचें काम बहुधा याच गाडीवर पडतें. गाडी घेणारा आतां केवळ भाड्याचा धंदा करणारा राहिलेला नाहीं. वीस-पंचवीस एकरांचा खातेदार स्वतःच्या मालासाठीं गाडी घेतो व रिकाम्या दिवसांत ती भाड्यानें फिरवितो. अशा गाड्यांच्या बाबतींत एक प्रकार अलीकडे वारंवार आमच्या पाहण्यांत येतो. गाडी घेतल्यावर वर्ष-सहा महिन्यांत मालक मिस्त्रीकडे जाऊन मागच्या बाजूस एक किंवा दोन पाटे वाढवून घेतो. त्यामुळें मागची बाजू दोन-तीन इंच उचलली जाते, गाडी नाक खालीं घालून उभी असल्यासारखी दिसूं लागते, आणि मग ती समतल करण्यासाठीं पुढची बाजूही उचलण्याचा विचार निघतो. हें दुसरें काम पहिल्यापेक्षां अधिक नाजूक आहे. कारण गाडीचें वळणें व थांबणें हीं दोन्ही मुख्यतः पुढच्या चाकांवर अवलंबून असतात. तें केव्हां करावें, केव्हां करूं नये, आणि करणें प्राप्तच झाल्यास कोणाच्या जिवावर न बेततां कसें करावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

गाडीची समता म्हणजे काय, हें ज्यानें बंडी भरली आहे त्यास वेगळें शिकवावयास नको. भार आंसाच्या फार मागें गेला तर बंडी उलाळ होते व जूं बैलांच्या मानेवरून उठूं लागतें. भार फार पुढें आला तर बैलांच्या माना दबतात. म्हणून जाणता गडी जुंवावर हलकासा भार राहील अशा बेतानें माल रचतो. यांत ध्यानीं घेण्याची गोष्ट ही कीं, बंडीची समता भरल्यावर पाहतात. रिकामी बंडी कशी उभी राहते याची कोणी फिकीर करीत नाहीं. पिकअपच्या बाबतींत मात्र हेंच आमचे लोक विसरतात. गाडी दारापुढें रिकामी उभी असतांना तिची मागची बाजू वर दिसली कीं त्यांस चुकल्यासारखें वाटतें, आणि मिस्त्रीस बोलावणें जातें.

वास्तविक रिकाम्या पिकअपची मागची बाजू उंच असणें हा दोष नव्हे. निर्मात्यानेंच ती तशी ठेविलेली असते. इंजिन व चालक यांचा भार पुढच्या चाकांवर असतो आणि तो गाडी रिकामी असो वा भरलेली, फारसा बदलत नाहीं. माल मात्र जवळजवळ सर्वच मागच्या आंसावर बसतो. समजा, एक रिकामी गाडी वजनकांट्यावर १,८०० किलो भरली व त्यांपैकीं पुढच्या चाकांवर १,००० व मागच्या चाकांवर ८०० किलो होते. तींत १३ क्विंटल संत्रीं भरल्यावर एकंदर ३,१०० किलो झाले, तर पुढें १,१०० व मागें २,००० अशी वांटणी होईल. म्हणजे मालापैकीं पुढें गेला एक क्विंटल, मागें बसले बारा. मागची बाजू अगोदरच उंच ठेविली नसती, तर या बारा क्विंटलांखालीं गाडी शेपटीवर बसली असती. तेव्हां रिकाम्या गाडीचें मागून दोन-तीन इंच उंच असणें म्हणजे भरल्यावर समतल होण्याची पूर्वतयारी होय.

आतां पाटे वाढविण्याविषयीं. बाजारांत १.३ टन व १.७ टन या नांवांनीं ज्या गाड्या ओळखल्या जातात, त्यांचा अर्थ सरळ १३ व १७ क्विंटल असा आहे. परंतु हंगामांत त्याच गाडींत पंचवीस क्विंटल घालण्याचा मोह होतो, मागचे पाटे उलटे वांकूं लागतात, आणि पाटा वाढविला म्हणजे गाडीची ताकद वाढली असें समजलें जातें. ही समजूत घातक आहे. पाटा हा भार झेलणाऱ्या साखळींतील एकच दुवा. त्याच्या खालीं आंस आहे, बेअरिंगें आहेत, टायर आहेत. वर चॅसिस आहे. आणि हें सर्व थांबविणारे ब्रेक आहेत. पाटा वाढविल्यानें यांपैकीं एकाचीही ताकद तसूभर वाढत नाहीं. उलट, पूर्वीं पाटे दबून ‘भार झाला’ अशी जी सूचना मिळत होती, ती मात्र बंद पडते.

पाट्याच्या कडकपणाचा हिशेबही लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एकाच जाडीचे पांच पाटे असतील व त्यांत तसाच, तितक्याच लांबीचा सहावा घातला, तर कमान सुमारें पंचमांशानें कडक होते. परंतु जाडी बदलली तर हिशेब झपाट्यानें पालटतो, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढतो. ८ मिलिमीटरच्या पाट्यांत १० मिलिमीटरचा एक पाटा घातला, तर तो एकटाच जवळजवळ दोन पाट्यांचें काम करतो. ‘एकच तर पाटा टाकला’ असें मिस्त्री म्हणतो, तेव्हां तो किती जाड होता हें विचारून घ्यावें. अशी कडक गाडी रिकामी परततांना खडबडीत रस्त्यावर मागून उसळते, चाकें क्षणभर जमीन सोडतात, आणि नेमका त्याच क्षणीं ब्रेक लागला तर मागची बाजू आडवी फिरते.

मागची बाजू उचलल्यानें पुढच्या चाकांवर काय परिणाम होतो, हें समजण्यासाठीं सायकल पाहावी. तिचा पुढचा काटा सरळ उभा नसतो. त्याचें वरचें टोंक मागें कललेलें असतें. चालत्या सायकलीचे हात सोडले तरी चाक सरळ राहूं पाहतें, त्यांत या कलाचा मोठा वाटा आहे. मोटारगाडीच्या पुढच्या चाकांसही असाच मागील कल दिलेला असतो, म्हणून वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतें. हा कल मुळांत थोड्याच अंशांचा असतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारें १२० इंच, म्हणजे तीन मीटर, धरलें व मागची बाजू दोन इंच उचलली, तर सगळी गाडी साठांत एक या प्रमाणानें पुढें झुकते. हा झोंक जवळजवळ एक अंशाचा होय, व तेवढाच अंश चाकांच्या कलांतून वजा होतो. मग सरळ रस्त्यावर गाडी हातांत स्थिर राहत नाहीं. चालकास सारखें स्टिअरिंग सांवरावें लागतें. पुष्कळ चालक हा दोष टायरांवर किंवा रस्त्यावर ढकलतात.

दुसरा परिणाम ब्रेकांचा, आणि आमच्या मतें सर्वांत गंभीर हाच होय. कांहीं पिकअप गाड्यांत मागच्या आंसाजवळ एक व्हॉल्व्ह असतो व तो एका लहान दांड्यानें किंवा स्प्रिंगनें आंसाशीं जोडलेला असतो. गाडी रिकामी असतांना मागच्या चाकांस ब्रेक कमी मिळावा, नाहींतर तीं जागच्या जागीं घट्ट होऊन घसरतील. आणि माल भरल्यावर तो अधिक मिळावा, हें त्याचें काम. माल भरला हें त्या व्हॉल्व्हास कसें कळतें? चॅसिस व आंस यांतील अंतर कमी झालें यावरून. पाटे वाढविले कीं तें अंतर पुरेसें कमी होतच नाहीं. गाडींत पंधरा क्विंटल माल असला तरी व्हॉल्व्ह ती रिकामीच समजतो, मागचे ब्रेक आवरून धरतो, आणि सर्व काम पुढच्या ब्रेकांवर पडतें. सपाट रस्त्यावर हें लवकर कळून येत नाहीं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा किंवा सेमाडोहकडील घाट भरल्या गाडीनें उतरूं लागल्यावर पुढचे ब्रेक तापतात, पायाखालचें पेडल खोल जातें, आणि मग सुधारणेस वेळ राहत नाहीं.

तिसरी गोष्ट उंचीची. दोन्ही बाजूंच्या चाकांतील अंतर ५६ इंच व भरल्या गाडीच्या भाराचा मध्य जमिनीपासून ४० इंचांवर आहे असें धरूं. गाडी आडवी होण्यास किती प्रतिकार करील हें अर्ध्या अंतरास त्या उंचीनें भागून ठोकळमानानें कळतें. येथें २८ भागिले ४०, म्हणजे ०.७०. तीच गाडी पुढून-मागून तीन इंच उचलली तर २८ भागिले ४३, म्हणजे ०.६५. प्रत्यक्षांत पाटे व टायर एका अंगास दबतात, त्यामुळें खरा आंकडा याहूनही कमी येतो. सुटा कापूस भरतांना माल फळ्यांच्या वर कितीतरी उंच जातो. तो वजनानें हलका असला तरी त्याचा मध्य फार वर असतो. अशा गाडीस उंचीची आणखी भर घालणें म्हणजे वळणावर दैवाची परीक्षा पाहणें होय.

पूर्वीं हे दोष झांकून जात, कारण रस्तेच वेग घेऊं देत नसत. ती स्थिति आतां उरली नाहीं. २०२२ च्या जून महिन्यांत अमरावती व अकोला यांमधील राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटर लांबीची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अखंड अंथरली गेली व तिची नोंद गिनेस बुकांत झाली. या महामार्गावर जो वेग सहज येतो, त्या वेगांत पांदणीवर न जाणवणारी एक अंशाची खोट जाणवते. आणि तिच्या मागोमाग येणाऱ्या ट्रकासही जाणवते.

पुढची बाजू उचलण्याच्या बाजूनें एक खरी सबब आहे, ती नाकारून चालणार नाहीं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांतील काळी जमीन पावसांत अशी फुगते कीं, पांदणीच्या दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा गाडीच्या पोटास लागतो. तेथें दोन इंचांची अधिक मोकळीक उपयोगी पडते. परंतु तो उंचवटा जेथें प्रथम लागतो ती आंसाची गाठ पाटे वाढविल्यानें इंचभरही वर येत नाहीं. ती चाकाच्या व टायरच्या मापावर राहते. म्हणजे ज्यासाठीं खटाटोप करावयाचा, तेंच साधत नाहीं. ज्यांस पावसाळ्यांत वाट हवी त्यांनीं पांदणीस मुरूम घालण्यासाठीं चार शेजारी गोळा करावेत; तो खर्च गाडीच्या खर्चाहून फार जड जात नाहीं व दरवर्षीं उपयोगी पडतो. राहिला ऐटीचा प्रश्न. नाक वर करून चालणारी गाडी कांहीं तरुणांस रुबाबदार वाटते. त्या आवडीस या मासिकांत उत्तर नाहीं.

कायदा.—फेरबदलास हात घालण्यापूर्वीं कायदा काय म्हणतो हेंही पाहावें. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल मालकास करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें असा बदल करणाऱ्या मालकास दर बदलामागें ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यांत आली. मर्यादेबाहेर भार नेल्यास २०,००० रुपये व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च, हें वेगळेंच. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा तपासनीस प्रथम पाटे मोजतो, आणि मोजून पांचाचे सात निघाले तर हरकत घेण्यास त्यास जागा मिळते. गाडी निर्मात्याच्या मूळ मापावर परत आणणें मात्र फेरबदल नव्हे, ती दुरुस्ती होय. आमची शिफारसही तीच आहे. याबाबत शंका असल्यास अमरावती किंवा अकोला येथील परिवहन कार्यालयांत काम करण्यापूर्वीं विचारावें, नंतर नव्हे.

मापें कशीं घ्यावींत.—मापाशिवाय या कामास आरंभ करणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें. त्यासाठीं अंगण उपयोगाचें नाहीं. तें डोळ्यांस सपाट दिसतें, पण नसतें. बाजार समितीच्या किंवा जिनाच्या वजनकांट्यालगतचा सिमेंटचा ओटा घ्यावा व त्यावर गवंड्याची पाणसळ एकदां लावून पाहावी. वजनकांट्यावरच गेल्यानें दुसरें एक काम साधतें. प्रथम फक्त पुढचीं चाकें कांट्यावर घेऊन वजन करावें, मग सगळी गाडी; वजाबाकीनें मागच्या आंसावरचा भार निघतो. हीं दोन वजनें रिकाम्या गाडीचीं व नेहमींच्या मालासह भरलेल्या गाडीचीं अशीं दोनदां घ्यावींत आणि नोंदणी पुस्तकांतील आंकड्यांशीं ताडून पाहावींत. पुष्कळांच्या प्रश्नाचें उत्तर येथेंच मिळतें. मागच्या आंसावर मर्यादेपेक्षां पांच क्विंटल अधिक बसत असतील, तर गाडी वांकते हा पाट्यांचा दोष नव्हे.

उंची मोजतांना जमिनीपासून मोजूं नये, कारण टायरमधील हवा कमी-जास्त असल्यास माप फसतें. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर चारही चाकांस मोजावें. टायरांत ठरलेली हवा असावी, टाकींत नेहमींइतकें डिझेल असावें, आणि मोजण्यापूर्वीं गाडी दहा-वीस पावलें पुढें-मागें हलवून पाटे बसूं द्यावे. नवीन असतांनाचीं मापें कोणी लिहून ठेवीत नाहीं. तीं नसल्यास त्याच नमुन्याच्या, पाटे न वाढविलेल्या एखाद्या शेजाऱ्याच्या गाडीचीं मापें घ्यावींत. आठ आंकडे हातीं आले म्हणजे निर्णय अवघड राहत नाहीं.

भरल्यावर गाडी समतल होत असेल, किंवा मागून अर्धा-एक इंच वर राहत असेल, तर तिला हात लावूं नये; ती रिकामी असतांना कशीही दिसो. योग्य भार असूनही मागची बाजू दोन इंच वरच राहत असेल, तर मागें पाटे गरजेपेक्षां अधिक झाले आहेत. तेथें औषध पुढें नसून मागें आहे: वाढविलेला पाटा काढावा. पुढची बाजू उचलून ती मागच्याशीं जुळविणें म्हणजे टेबलाचा एक पाय लांब झाला म्हणून उरलेल्या तीन पायांखालीं विटा ठेवण्यासारखें आहे. पुढची बाजू शेजाऱ्याच्या गाडीपेक्षां इंच-दीड इंच खालीं असेल, तर पुढचे पाटे किंवा स्प्रिंगा थकल्या आहेत, व याच प्रसंगीं पुढच्या बाजूचें काम रास्त ठरतें. एकाच अंगास गाडी कललेली असेल, तर समतल करण्याचा विचार बाजूस ठेवून आधीं तुटका पाटा किंवा सेंटर बोल्ट शोधावा.

प्रत्यक्ष काम.—पुढें पाट्यांची कमान असलेल्या गाडींत थकलेले पाटे बदलून निर्मात्याचे नवे घालावेत, आणि तेही दोन्ही अंगांस एकाच वेळीं. आपल्याकडे जुनेच पाटे ठोकून त्यांस पुन्हां कमान देण्याची चाल आहे. थंड ठोकलेला पाटा थोड्या महिन्यांत पुन्हां बसतो. भट्टींत लाल करून वांकविलेल्या पाट्याचें तर पाणीच उतरतें. विळ्याचें पाणी गेल्यावर तो जसा नुसत्या लोखंडाची पट्टी होऊन राहतो तसा. असा पाटा एक तर लवकर बसतो, नाहींतर चुकीचें पाणी दिलें गेल्यास ऐन धक्क्यांत कडकन् मोडतो. चार पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

पुढच्या पाट्याच्या व आंसाच्या मध्यें लोखंडी किंवा लांकडी ठोकळा घालून गाडी उचलणें हें तर सर्वथा वर्ज्य मानावें. ब्रेक लागतांच पुढचा आंस फिरूं पाहतो. ठोकळा जितका उंच तितकी त्या पिळास तरफ मिळते, यू-बोल्ट सैल होतात, आणि ठोकळा निसटला तर आंस जागेवर राहत नाहीं. शिवाय पुढची बाजू उचलल्यानें स्टिअरिंगचा आडवा दांडा तिरपा होतो, व मग खड्ड्यावरून जातांना स्टिअरिंग न फिरवितांही गाडी एका अंगास ओढते.

कांहीं गाड्यांत पुढें वेटोळ्याची स्प्रिंग असते. ती दबलेल्या स्थितींत एवढी शक्ति धरून असते कीं सुटल्यास माणूस ठार होतो. तिला आवळून धरण्याचीं योग्य साधनें ज्या कारखान्यांत आहेत तेथेंच ती काढवावी. तार किंवा दोर बांधून हें काम करणाऱ्या मिस्त्रीस गाडी देऊं नये. आणखी कांहींत पीळ घेणारा दांडा, म्हणजे टॉर्शन बार, असतो व त्याचा बोल्ट आवळून पुढची बाजू सहज वर येते. सोपें असल्यामुळेंच या बोल्टाचा दुरुपयोग फार होतो. बसलेली बाजू मूळ मापावर आणण्यापुरताच तो फिरवावा, तोही चाकांवरचा भार काढून, आणि दोन्ही अंगांचीं मापें सारखीं होईपर्यंत. त्यापलीकडे आवळल्यास चाकांस खालीं जाण्यास वाव उरत नाहीं, बॉल जॉइंट टोंकाच्या कोनांत काम करूं लागतात, व टायर एका कडेनें झिजतात.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जॅक हें गाडी उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. उचलल्यावर चॅसिसच्या दोन्ही अंगांखालीं भक्कम लोखंडी घोड्या लावाव्या, गाडी त्यांवर टेंकवावी, हातानें जोरानें हलवून पाहावी, आणि मगच खालीं जावें. मागच्या चाकांस दोन्हीकडून लांकडी पाचरी माराव्या. विटा, दगडी तुकडे, सिमेंटचे पोकळ ठोकळे हे घोडीच्या जागीं चालत नाहींत. ते दबत नाहींत, एकदम फुटतात. शेतांत किंवा काळ्या मातीच्या अंगणांत हें काम मुळींच करूं नये, कारण जॅकचा पाया हळूहळू खचतो व खालच्या माणसास तें दिसत नाहीं. वाटेंत चाक बदलण्याची वेळ आली तर जॅकखालीं बाभळीची जाड फळी घालावी व गाडीखालीं शिरूं नये. हें इतक्या आग्रहानें लिहिण्याचें कारण असें कीं, आपल्याकडे गाडीखालीं जो शिरतो तो मालकही नसतो व मिस्त्रीही नसतो. मिस्त्रीच्या हाताखालचा पोऱ्या असतो. घोड्या लागल्याखेरीज काम सुरू होऊं न देणें हा मालकाचा अधिकार आहे, आणि तें त्याचें कर्तव्यही आहे.

पाटे काढतांना एका वेळीं एकच अंग सोडावें, म्हणजे दुसऱ्या अंगानें आंस जागेवर धरलेला राहतो. आंसाखालीं वेगळा जॅक असावा, नाहींतर आंस लोंबकळून त्याचा सर्व भार ब्रेकच्या रबरी नळीवर येतो व ती आंतून फाटते. बाहेरून ती नळी चांगलीच दिसते, हें आणखी वाईट. सेंटर बोल्ट सोडण्यापूर्वीं पाट्यांचा संच शिकंज्यांत धरावा. बोल्ट निघतांच पाटे उसळतात व बोटें जातात. जुने यू-बोल्ट पुन्हां वापरूं नयेत, ते एकदां ताणले गेलेले असतात. नवे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनें, निर्मात्याच्या पुस्तकांत दिलेल्या जोरानें, माप दाखविणाऱ्या पान्यानें आवळावे. नुसत्या हाताच्या अंदाजावर राहूं नये. रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून मग पक्के करावे. लोंबकळत्या स्थितींत आवळलेलें बुश गाडी उतरतांच पिळलें जातें व थोड्या दिवसांत फाटतें.

काम झाल्यावर.—गाडी कारखान्यांतून सरळ मालावर नेऊं नये. उंची बदलली कीं चाकांचे कोन बदलतात. म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशीं करून घ्यावें व यंत्रानें दिलेला कागद मागून घ्यावा. त्यावर मागील कलाचा आंकडा दोन्ही चाकांस जवळजवळ सारखा असला पाहिजे. मागचा पाटा काढलेला असेल तर ब्रेकच्या व्हॉल्व्हाचा दांडा निर्मात्याच्या मापावर आहे किंवा नाहीं तें पाहावें. पाटे वाढवितांना कोणी तो वांकवून किंवा बांधून ठेविलेला आढळतो. तसें असल्यास तो पूर्ववत् करावा. स्टिअरिंग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवून ब्रेकची नळी कोठें ताणते किंवा टायरास घासते काय हेंही पाहावें. मग मोकळ्या रस्त्यावर, प्रथम रिकाम्या व नंतर अर्ध्या भारानें, मंद वेगांत ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते याची खात्री करून घ्यावी. शंभरेक किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हां एकदां पान्यानें तपासणें अवश्य आहे, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतांना बोल्ट थोडे ढिले पडतात.

दिव्यांची गोष्ट बहुतेक सर्व विसरतात. गाडी पुढून दोन इंच उचलली असतां तोच साठांत एकचा हिशेब दिव्यांस लागू होतो. २५ फुटांवर, म्हणजे ३०० इंचांवर, प्रकाश पांच इंच वर चढतो. जो दिवा पूर्वीं त्या अंतरावर तीन इंच खालीं पडत होता, तो आतां दोन इंच वर जातो, आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या किंवा बंडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. कापसाच्या दिवसांत पहांटेच्या अंधारांत बंड्या जिनाच्या वाटेस लागलेल्या असतात व त्यांच्या मागें बहुधा दिवा नसतो. समोरचा चालक दिपला तर त्यास त्या दिसणार नाहींत. याकरितां संध्याकाळीं गाडी गोदामाच्या सपाट भिंतीपासून २५ फुटांवर सरळ उभी करावी, दिव्याच्या मध्याची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूनें आडवी रेघ ओढावी, आणि खालच्या दिव्याचा प्रकाश त्या रेघेच्या सुमारें तीन इंच खालीं कापला जाईल असे दिव्याचे स्क्रू फिरवावे. हें गाडींत नेहमींचा माल असतांना करावें. रिकाम्या गाडीवर लावलेला दिवा माल भरतांच पुन्हां वर जातो.